वायरलेस माऊस वर्षभरात का बिघडतो, आणि मनगट का दुखतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकाउंट्सचं काम आहे, दिवसाचे आठ-नऊ तास टॅली आणि एक्सेल. दीड वर्षात तीन वायरलेस माऊस झाले. पहिल्याचा कर्सर अडखळायचा, दुसऱ्यावर एकदा क्लिक केलं की दोनदा व्हायचं. तिसरा अजून धडधाकट आहे, पण उजवं मनगट दुखायला लागलंय. आता सहा-सात हजारांचा 'एर्गोनॉमिक' माऊस, म्हणजे हाताला ताण पडू नये अशा घडणीचा, उभा वगैरे, घेऊन टाकावा का?

पुण्यात पेठेत माझं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. लॅपटॉप हे पोटापाण्याचं काम, माऊस ही हौस. चारशे रुपयांचा माऊस दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं, त्यामुळे टाकून दिलेले माऊस माझ्याकडे पोत्यानं पडलेत आणि फावल्या वेळात ते उघडून बसायची मला सवय आहे. त्या भरवशावर लिहितोय.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. माऊस बिघडतात ते त्यांच्या बनावटीमुळे. मनगट दुखतंय ते बहुधा टेबलामुळे. महागडा माऊस पहिल्यावर बराच उतारा आहे, दुसऱ्यावर जेमतेम. म्हणून पैसे आत्ता खिशातच ठेवा आणि आधी दोन्ही वेगवेगळं तपासा.

वायरलेस माऊसची निम्मी दुखणी एकाच काटकसरीतून येतात, ती म्हणजे बॅटरीची. खोक्यावर 'एका सेलवर बारा महिने' असं छापायचं असतं. ते छापता यावं म्हणून माऊस संधी मिळेल तेव्हा झोपतो. हात काढला की काही सेकंदांत हलकी डुलकी, काही मिनिटांनी गाढ झोप. तुम्ही व्हाउचर वाचून पुन्हा हात ठेवता तेव्हा पहिली हालचाल त्याला जागं करण्यातच जाते. बऱ्याच लोकांचा 'कर्सर अडखळतो' तो एवढाच असतो. ब्लूटूथवाल्यांत हे जास्त जाणवतं, डोंगलवाल्यांत (डोंगल म्हणजे यूएसबी पोर्टात खोचायचा माऊसचा छोटा रिसीव्हर) कमी. त्यात विंडोजही आपल्या परीनं वीज वाचवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी द्या' अशा अर्थाची एक खूण असते. ती काढून बघा.

पण थांबून पुन्हा सुरू केल्यावर नव्हे, तर काम चालू असतानाच कर्सर उड्या मारत असेल, तर मी सगळ्यात आधी डोंगल कुठे खोचलाय ते बघतो. हे डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. वायफाय, ब्लूटूथ, घरचा मायक्रोवेव्ह, सगळ्यांची गर्दी याच गल्लीत. शिवाय यूएसबी ३.० चं पोर्ट आणि त्याची केबल डेटा जाताना नेमका याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलनं २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. आता तुमचं टेबल डोळ्यांपुढे आणा. डोंगल सीपीयूच्या मागच्या बाजूला, शेजारच्याच पोर्टात बॅकअपची हार्ड डिस्क, आणि मध्ये पत्र्याचं कॅबिनेट. माऊसचा आवाज तिथपर्यंत पोचणार कसा?

माझ्याकडे एक सीए मुलगी आली होती, रडकुंडीला आलेली. रोज संध्याकाळी पाचनंतर माऊस वेड्यासारखा वागतो म्हणाली. पाचला त्यांचा बॅकअप सुरू व्हायचा. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर आणला आणि प्रकरण मिटलं. तिनं त्याआधी दोन माऊस फेकले होते. तुमचा पहिला माऊस याच कारणानं बाद झाला असेल, अशी मला दाट शंका आहे.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. माऊसखाली कोरा ए-फोर कागद ठेवा. ऑप्टिकल सेन्सर म्हणजे छोटा कॅमेरा. तो सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एका फोटोवरचा खडबडीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला ते मोजतो. काच, चकचकीत सनमायका, पॉलिश केलेला ग्रॅनाइट यांवर त्याला धरायला काही सापडत नाही. काचेवर चालणारे सेन्सर निघालेत. लॉजिटेकनं २००९ मध्ये डार्कफील्ड आणलं, ते किमान चार मिलिमीटर जाडीच्या काचेवरही चालतं. पण शंभर रुपयांच्या कापडी पॅडनं जे होतं त्यासाठी एवढं कशाला?

आता दोनदा होणारं क्लिक. हा वायरलेस माऊसचा सगळ्यात मोठा दोष आणि माझा आवडता विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

आधी खात्री करा. डेस्कटॉपवरची एखादी फाइल धरून हळूहळू दुसऱ्या टोकाला ओढत न्या. वाटेत ती आपोआप सुटली, तर आजार हाच. एक्सेलमध्ये सेल निवडत खाली जाताना निवड मध्येच तुटते, तेही याचंच लक्षण.

माऊस उलटा करा. तळाशी गुळगुळीत पाय चिकटवलेले असतात, स्क्रू बहुतेक त्यांच्याखाली किंवा स्टिकरखाली दडवलेले. हे मला नेहमी खटकतं. दुरुस्तीसाठी पाय उचकटावे लागतात, आणि एकदा उचकटलेला पाय पुन्हा सपाट बसत नाही. वरचं कवच काढलं की बटणाखाली सर्किटवर चौकोनी डबी दिसते, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा मोठी. हा मायक्रोस्विच. ब्लेडच्या टोकानं तिचं झाकण उचकटताना खाली पांढरा रुमाल अंथरावा, कारण झाकणातली दाबायची खुंटी मोहरीएवढी असते आणि फरशीवर पडली की गेलीच. आत तांब्याच्या मिश्रधातूची बारीक पट्टी आणि तिला ताण देणारी वाकवलेली जीभ. आपण दाबतो तेव्हा पट्टी टक्कन खाली जाऊन संपर्कबिंदूवर आपटते. क्लिकचा आवाज तो.

आपटलेली पट्टी चेंडूसारखी दोनचार वेळा उडते, मिलिसेकंदांच्या आत. माऊसमधली चिप हे ओळखून असते आणि पहिल्या संपर्कानंतर काही मिलिसेकंद कानाडोळा करते. नवा स्विच तेवढ्यात शांत होतो. वापरून वापरून पट्टीचा ताण ढिला पडतो, संपर्कबिंदूवर ऑक्साइडचा थर चढतो, आणि उडणं लांबतं. चिपला ते दुसरं क्लिक वाटतं.

मग वायरवाल्या माऊसना हे कमी का व्हायचं? जुन्या माऊसना केबलमधून ५ व्होल्ट मिळायचे, विजेची चिंता नव्हती. स्विचमधून बऱ्यापैकी प्रवाह गेला की तो ऑक्साइडचा पापुद्रा भेदून जातो आणि संपर्क स्वच्छ राहतो. वायरलेसमध्ये दीड व्होल्टचा एकच सेल वर्षभर पुरवायचा, म्हणून सर्किट कमी व्होल्टेजवर आणि नाममात्र प्रवाहावर चालवतात. स्विच मात्र तोच जुना, जास्त प्रवाहासाठी घडवलेला. खोक्यावर लाखो क्लिकचा आकडा छापलेला असतो. तो पट्टी तुटेपर्यंतचा, क्लिक नीट लागेपर्यंतचा नव्हे. आपला घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा त्यात भर घालतात. कोकणातून आणि मुंबईतून आलेले स्विच मी उघडले तर पुण्यातल्यांपेक्षा काळवंडलेले दिसतात. हे माझं डोळ्यांचं निरीक्षण, शास्त्र म्हणून घेऊ नका.

इलाज तीन. खुंटीच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा थेंब सोडून पन्नास-शंभर वेळा दाबायचं, यानं काही आठवडे निघतात. पट्टीची जीभ किंचित वाकवून ताण वाढवायचा, हे हात बसल्याशिवाय जमत नाही. किंवा स्विच बदलायचा. तीन पायांचं सोल्डरिंग आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सुटे स्विच मिळतात, पन्नास रुपयांच्या आत काम होतं. नवाच माऊस घ्यायचा असेल तर ऑप्टिकल स्विच असलेला बघा. त्यात पट्टी पट्टीवर आपटत नाही, प्रकाशाचा किरण अडतो किंवा सुटतो, म्हणून उडण्याचा प्रश्नच नाही. ते सध्या गेमिंगच्या माऊसमध्येच जास्त मिळतात. दिव्यांची रोषणाई सहन करावी लागेल, ती बहुधा बंदही करता येते.

'सायलेंट' माऊसबद्दल लोक विचारतात. रात्री घरी काम करणाऱ्याला बरे, घरचे झोपलेले असतात. पण क्लिकची टकटक बोटालाही निरोप देत असते, की झालं, आता सोड. ती मऊ केली की माणूस खात्रीसाठी जास्त दाबतो. आठ तासांच्या कामाला मी सुचवत नाही.

बाकीचे दोष भरभर सांगतो. स्क्रोल खाली करताना पान मध्येच वर उडी मारतं तेव्हा चाकाच्या बाजूचा एनकोडर (चाकाचं फिरणं मोजणारा भाग) झिजलेला किंवा धुळीनं भरलेला असतो. कधी नुसता केस गुंडाळलेला निघतो. हाताला चिकट लागणारा माऊस मळलेला नसतो. त्यावरचा रबरासारखा मुलायम लेप दमट हवेत आणि घामानं विरघळत चाललेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तो सगळा पुसून टाका, खालून साधं प्लास्टिक निघतं आणि तेच जास्त टिकतं. मी तर असा लेप असलेला माऊस घेतच नाही. सेलच्या कप्प्यात पांढरी भुकटी दिसली तर सेल गळालाय. अल्कलाइन असेल तर इअरबडवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, वाळवा. माऊस महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा.

डोंगल हरवण्याचं दुखणं वेगळंच. स्वस्त माऊसची आणि डोंगलची कारखान्यातच लग्नगाठ बांधलेली असते. डोंगल गेला की माऊस विधुर. लॉजिटेकच्या ज्या डोंगलवर नारिंगी चांदणीसारखी खूण असते तो युनिफाइंग, त्याला तशीच खूण असलेला कुठलाही माऊस नव्यानं जोडता येतो. नवा बोल्ट प्रकार वेगळा, दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. घेताना एवढी खूण बघितली तरी पुढचा मनस्ताप वाचतो.

आणि महाग म्हणजे निर्दोष असं समजू नका. ॲपलचा मॅजिक माऊस घ्या. २०१५ मध्ये त्याला आतली बॅटरी आली आणि चार्जिंगचं पोर्ट दिलं पोटाखाली. चार्ज करायचा तर माऊस उताण्या झुरळासारखा पाय वर करून पडणार, तोवर काम बंद. २०२४ मध्ये टाइप-सी आलं, पोर्टाची जागा तीच. शिवाय तो इतका चपटा आहे की तळव्याला टेकायला काही नाही. दिसायला देखणा, हे कबूल.

आता मनगट. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे आहे ती दुकानातली पाहणी आणि स्वतःचा एक वाईट उन्हाळा, ज्यात मी दीड महिना डाव्या हातानं स्क्रू फिरवले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येत असतील, रात्री जाग येत असेल, कपाची पकड सुटत असेल, तर पुढचं वाचू नका, आधी ऑर्थोपेडिककडे जा. मनगटातून जाणारी मीडियन नस दबल्याची ती लक्षणं असू शकतात. मुंग्या करंगळीकडे असतील तर ती नस वेगळी, बऱ्याचदा कोपराशी दबलेली. तेही त्यांनाच दाखवा. नुसता थकवा आणि ठणका असेल, रविवारी कमी होत असेल, तर मी सांगतो ते करून बघण्यासारखं आहे.

माऊस तुम्हाला किती मानवतो हे तीन गोष्टींवर ठरतं: हाताचं माप, टेबलाची उंची आणि कामाचा प्रकार. म्हणून 'कुठला माऊस चांगला' याला मी कधी सरळ उत्तर देत नाही, आणि गिऱ्हाईक चिडतं.

हाताचं माप घ्या, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. एकोणीस-वीस सेंटिमीटर भरला तर तुमचा हात मोठा. दुकानात सर्रास मिळणारा छोटा वायरलेस माऊस जेमतेम दहा सेंटिमीटर लांब असतो. तो लॅपटॉपच्या पिशवीत मावावा म्हणून तसा केलेला असतो, प्रवासाचं सामान आहे ते. मोठा हात त्यावर पसरून टेकत नाही, म्हणून बोटं वाकवून चिमटीत धरावा लागतो, आणि तळवा हवेत किंवा मनगट टेबलावर दाबलेलं. आठ तास चिमटीत काही धरून बघा म्हणजे कळेल. शिवाय एक डबल-ए अल्कलाइन सेल सुमारे २३ ग्रॅमचा, म्हणजे हलक्या माऊसच्या वजनात त्याचा वाटा मोठा, आणि तो बहुतेक मागच्या बाजूला. उचलून ठेवताना माऊस मागे झुकतो. ट्रिपल-ए सेल याच्या निम्म्या वजनाचा असतो. मापाचा साचा घालून तो डबल-एच्या कप्प्यात बसवता येतो. लवकर संपतो, पण हाताला फरक कळतो.

पण मला खरा गुन्हेगार वाटतो तो टेबल. आपल्याकडे काँप्युटर टेबल म्हणून जे मिळतं त्याला कीबोर्डसाठी सरकता ड्रॉवर असतो. तो नेमका कीबोर्डच्या रुंदीचा. माऊसला तिथे जागाच नाही, म्हणून तो वर, टेबलाच्या फळीवर. कीबोर्ड मांडीशी, माऊस त्याच्या वर चार-पाच इंच आणि हातभर पुढे. दर वेळी खांदा उचलून हात लांब करायचा, आणि फळीची धार मनगटात रुतलेली. दुखणं मनगटात जाणवतं, सुरुवात खांद्यात झालेली असते. तुमचं टेबल असंच असेल तर सहा हजारांचा माऊससुद्धा त्याच फळीवर जाणार आहे.

ड्रॉवर बंद करून टाका आणि कीबोर्ड, माऊस दोन्ही वर घ्या. साधं टेबल सुमारे ३० इंच उंच असतं, मध्यम बांध्याच्या माणसाला जास्तच. मग खुर्ची इतकी वर करा की कोपर टेबलाच्या पातळीला येईल, आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली कागदाची दोन रिमं ठेवा. कोपर अंगाशी, हात सरळ पुढे, मनगट वाकलेलं नको. मनगटाखाली ठेवायची जेलची उशी मला आवडत नाही. त्यावर मनगट रोवून माणूस नुसत्या पंजानं माऊस डावी-उजवीकडे झटकत राहतो, आणि दाब नेमका नको तिथे पडतो. माऊस हलवायचा तो कोपरापासून.

आता तुमच्या धंद्याची खास अडचण. इतरांना मी नंबरपॅड नसलेला छोटा कीबोर्ड घ्यायला सांगतो, म्हणजे माऊस वीतभर जवळ येतो. अकाउंट्सवाल्याला नंबरपॅड सोडून चालत नाही. मग दोन मार्ग. सुटा नंबरपॅड मिळतो, तो वेगळा ठेवा. किंवा माऊस डाव्या हाताला घ्या. हसू नका. मी त्या दीड महिन्यात शिकलो आणि आजही अर्धा दिवस डाव्यानंच चालवतो. पहिले चार दिवस चिडचिड होते, मग सवय लागते. उजवा हात आकड्यांवर, डावा माऊसवर, तुमच्या कामाला याहून सोयीची जोडी नाही. यासाठी माऊस दोन्ही बाजूंनी सारखा हवा, आणि 'एर्गोनॉमिक' म्हणून विकले जाणारे बहुतेक फक्त उजव्या हाताला बसतात. डावखुऱ्यांचे हाल तर विचारूच नका.

तिसरा मार्ग फुकटचा आहे. टॅलीत माऊसला हात लावायची गरज फारच थोडी. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ सेल्स, एफ-९ परचेस, तारखेला एफ-२, हे तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल. एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-बाण वापरलं की हजार ओळी ओढत न्यायच्या राहत नाहीत. ओढणं, म्हणजे बटण दाबून धरून हात सरकवणं, हे माऊसवरचं सगळ्यात कष्टाचं काम.

उभ्या माऊसबद्दल विचारलंत. साध्या माऊसवर तळवा पालथा असतो, म्हणजे हाताची दोन हाडं एकमेकांवर पिळलेली. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनासारखा राहतो आणि पीळ बराच सुटतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलचा कोन ५७ अंशांचा आहे. कल्पना चांगली, तोटेही आहेत. क्लिक आडवं होतं, माऊस बाजूला सरकू बघतो, तो धरून ठेवायला अंगठा सतत दाबावा लागतो. कीबोर्डवरून हात येताना उंच माऊस आडवा पडतो. बारीक सेलच्या कोपऱ्यावर नेम धरणं सुरुवातीला जड जातं. पीळ ज्यांना त्रास देतो त्यांना तो वरदान, ज्यांचा त्रास फळीच्या धारेचा आहे त्यांना निरुपयोगी. अंगठ्यानं गोळा फिरवायचे ट्रॅकबॉल हात जागचा हलू देत नाहीत, पण सगळा भार अंगठ्यावर टाकतात. अंगठा आधीच फोनवर राबत असेल तर जपून.

म्हणजे क्रम असा लावा: आज डोंगल पुढे आणा आणि ड्रॉवर बंद करा. आठवडाभर माऊस डाव्या हाताला. दोन आठवड्यांनी ठणका तसाच असेल तर डॉक्टर. ठणका उतरला आणि तरी माऊस बदलावासा वाटला, तर दुकानात जाऊन हातात धरून घ्या, ऑनलाइन फोटो बघून नको. तळवा मागच्या उंचवट्यावर टेकला पाहिजे आणि दोन बोटं न ताणता बटणांच्या टोकाला पोचली पाहिजेत. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३ सारखे मोठे माऊस साडेबारा सेंटिमीटर लांब आणि १४१ ग्रॅम वजनाचे आहेत. लहान हाताला तेही जाचतात.

आणि जुने दोन माऊस अजून टाकले नसतील तर टाकू नका. पहिला एक्स्टेंशन केबल लावून पुन्हा चालवून बघा, माझ्या मते तो ठणठणीत आहे. दुसऱ्यात फक्त डाव्या बटणाचा स्विच गेलाय. त्याच्या उजव्या बटणाखाली बहुतेक तसलाच स्विच असतो आणि उजवं बटण कुणी फारसं दाबत नाही. दोघांची अदलाबदल करून सोल्डर केलं की एक पैसा न घालता तोही आणखी वर्षभर चालेल.